विश्लेषण : दोनदा लंगडत परत आलेला केदार जाधव अखेर थांबला, मांडीच्या एका स्नायूची किंमत किती?

सत्तर-ऐंशी धावांत चार गडी बाद, हव्या असलेल्या धावा अजून डोंगराएवढ्या, आणि तरीही खेळपट्टीवर शांतपणे गल्लीतल्यासारखे फटके मारणारा एक बुटका फलंदाज. केदार जाधवची हीच ओळख मराठी क्रिकेटप्रेमींच्या मनात राहील. मात्र ७३ एकदिवसीय सामन्यांवर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली, आणि आता त्याने सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्ती घेतली आहे. हा आकडा १५० का झाला नाही? उशिरा मिळालेली संधी, वारंवार दुखावलेला मांडीचा स्नायू आणि दुखापतीनंतर मागे लागलेली शंका, या तिन्हींचा हा हिशेब.

डिजिटल डेस्क, नाशिक

निवृत्तीची घोषणा कशी झाली?

सोमवार, ३ जून २०२४. देशाचे लक्ष लोकसभा निवडणुकीच्या निकालाकडे आणि अमेरिका-वेस्ट इंडिजमधील टी-ट्वेंटी विश्वचषकाकडे होते. त्याच दिवशी केदारने समाजमाध्यमांवर एक छोटा मजकूर टाकला. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार, आणि दुपारी तीन वाजल्यापासून मला सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्त समजावे, एवढाच त्याचा आशय. सोबत कारकिर्दीतील छायाचित्रांची चित्रफीत आणि त्यामागे किशोरकुमार यांच्या आवाजातील जुने गाणे.

ही पद्धत ओळखीची वाटली असेल, तर ते स्वाभाविक आहे. महेंद्रसिंह धोनीने १५ ऑगस्ट २०२० रोजी अशीच वेळ नमूद करून निवृत्ती जाहीर केली होती. ज्या कर्णधाराने केदारच्या हातात चेंडू दिला, ज्याच्यासोबत त्याने सामने जिंकून दिले, त्याच्याच शैलीत त्याने निरोप घेतला. निरोपाचा सामना नाही, पत्रकार परिषद नाही.

आकडे काय सांगतात?

केदार ७३ एकदिवसीय सामने खेळला. त्यातील ५२ डावांत त्याने १३८९ धावा केल्या. सरासरी ४२.०९, तर स्ट्राइक रेट १०१.६०. दोन शतके आणि सहा अर्धशतके. शिवाय २७ बळी. टी-ट्वेंटीचे ९ सामने त्याच्या वाट्याला आले, कसोटी मात्र एकही नाही.

यातला महत्त्वाचा आकडा शतकांचा नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाला डाव उभारायला वेळ मिळत नाही. त्याला कधी ३० चेंडू मिळतात, कधी सात. अशा जागेवर सरासरी चाळीसच्या वर आणि वेग शंभर चेंडूंत शंभराहून अधिक धावांचा, या दोन्ही गोष्टी एकत्र जमवणे अवघड असते. केदार ५२ पैकी १९ डावांत नाबाद राहिला, त्यामुळे सरासरीला हातभार लागला, हे खरे. पण शेवटपर्यंत उभे राहणे हेच या क्रमांकावरील फलंदाजाचे काम असते.

म्हणजे प्रश्न गुणवत्तेचा नव्हता. प्रश्न वेळेचा होता.

संधी इतक्या उशिरा का मिळाली?

केदारचा जन्म २६ मार्च १९८५चा, पुण्याचा. वडील वीज मंडळात लिपिक होते. सुरुवातीचे क्रिकेट टेनिस चेंडूचे. २००४मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघात निवड झाली आणि २००७मध्ये त्याने प्रथम श्रेणीत पदार्पण केले. तिथून भारतीय संघापर्यंतचा रस्ता सात वर्षांचा ठरला.

या सात वर्षांत तो रिकाम्या हाताने बसला नव्हता. २०१२मध्ये त्याने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावांची खेळी केली. २०१३-१४च्या रणजी हंगामात त्याने १२२३ धावा केल्या. त्या हंगामात देशात त्याच्याहून अधिक धावा कोणाच्याच नव्हत्या. महाराष्ट्राचा संघ त्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला आणि कर्नाटककडून हरला. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन वर्षे लागोपाठ रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राला त्यानंतर तो पुन्हा मिळालेला नाही, हे लक्षात घेतले की त्या हंगामाचे मोल कळते.

एवढे करूनही भारताची टोपी मिळाली १६ नोव्हेंबर २०१४ रोजी, रांचीत श्रीलंकेविरुद्ध. तेव्हा केदार २९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १०५ धावा करूनही तो संघात आत-बाहेर होत राहिला. जागा पक्की झाली तेव्हा तिशी उलटून गेली होती.

हा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया आहे. विशीतल्या खेळाडूचा स्नायू फाटला आणि सहा महिने गेले, तर ते सहा महिने पुढे भरून निघतात. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचे सहा महिने परत येत नाहीत. त्याच्या जागेवर तोवर दुसरा कोणी स्थिरावलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा वयाने लहान असतो.

पुण्यातील ती खेळी आजही का आठवते?

१५ जानेवारी २०१७. गहुंजेचे मैदान, समोर इंग्लंड. विराट कोहलीचा एकदिवसीय संघाचा पूर्णवेळ कर्णधार म्हणून पहिलाच सामना. विजयासाठी ३५१ धावा हव्या होत्या आणि भारताची अवस्था ४ बाद ६३ झाली होती.

घरच्या मैदानावर उतरलेल्या केदारने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. कोहलीसोबत त्याने २०० धावांची भागीदारी रचली आणि त्या भागीदारीत वेग कर्णधारापेक्षा त्याचा अधिक होता. भारताने तीन गडी राखून सामना जिंकला.

त्या खेळीच्या उत्तरार्धात केदारच्या पायात गोळे येत होते. धावताना तो लंगडत होता, म्हणून त्याने धावण्याऐवजी चौकार-षटकारांचा मार्ग धरला. त्या दिवशी प्रेक्षकांना ती जिद्द वाटली, आणि ती होतीच. पण पुढे काय होणार याची चाहूलही त्यात होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

गोलंदाज केदार कुठून आला?

ऑक्टोबर २०१६मध्ये धरमशाला येथे न्यूझीलंडविरुद्ध धोनीने अचानक केदारला गोलंदाजी दिली. त्याने लागोपाठच्या चेंडूंवर जिमी नीशम आणि मिचेल सँटनर यांना बाद केले. तोवर त्याच्याकडे कोणी गोलंदाज म्हणून पाहत नव्हते.

पुढे त्याचा हात आणखी खाली येत गेला. चेंडू जवळपास पंचांच्या कमरेच्या उंचीवरून सुटायचा, उसळायचाच नाही. टेनिस चेंडूवर वाढलेल्या मुलाचीच ही युक्ती. २०१७च्या चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात बांगलादेशची तमीम इक्बाल आणि मुशफिकूर रहीम ही जोडी चांगलीच जमली होती. केदारने दोघांनाही बाद करून सामना फिरवला. सरावात आपण फारशी गोलंदाजी करत नाही, फार केली तर ती बिघडेल, असे तो गमतीने सांगायचा.

संघाच्या दृष्टीने ही गंमत नव्हती. केदार पाच-सहा षटके टाकू शकतो म्हटल्यावर एक जादा फलंदाज किंवा जादा वेगवान गोलंदाज खेळवता यायचा. त्यामुळे तो जायबंदी झाला की संघाचे दोन खेळाडू एकदम कमी व्हायचे.

२०१८मध्ये नेमके काय झाले?

केदारच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले दोन प्रसंग याच वर्षी घडले, आणि दोन्हींत त्याला नीट धावता येत नव्हते.

पहिला प्रसंग ७ एप्रिलचा. आयपीएलचा सलामीचा सामना, वानखेडे मैदान. दोन वर्षांच्या निलंबनानंतर परतलेल्या चेन्नई सुपर किंग्जने केदारला ७ कोटी ८० लाख रुपयांना घेतले होते. मुंबई इंडियन्सविरुद्ध १६६ धावांचा पाठलाग करताना त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. ड्वेन ब्राव्होने सामना खेचून आणला, पण एकोणिसाव्या षटकाच्या अखेरीस तोही बाद झाला. नऊ गडी बाद, शेवटच्या षटकात सात धावा हव्या. केदार लंगडत परत आला. मुस्तफिजूर रहमानला आधी षटकार, मग चौकार. चेन्नई एक गडी आणि एक चेंडू राखून जिंकली.

तो केदारचा त्या हंगामातील पहिला आणि शेवटचा सामना ठरला. चेन्नईने पुढे करंडक जिंकला, तेव्हा तो संघाबाहेर उपचार घेत होता. शस्त्रक्रिया आणि नंतरच्या पुनर्वसनात भारताचा इंग्लंड दौराही हुकला.

दुसरा प्रसंग २८ सप्टेंबरचा, दुबईतील आशिया चषकाच्या अंतिम सामन्याचा. त्याच स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध हार्दिक पंड्याला पाठीच्या दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते, आणि केदारने त्या सामन्यात २३ धावांत तीन बळी घेतले होते. अंतिम सामन्यातही बांगलादेशची १२० धावांची सलामी भागीदारी त्यानेच फोडली. मात्र २२३ धावांचा पाठलाग करताना मांडीमागचा स्नायू पुन्हा दुखावला. तो १९ धावांवर बाहेर गेला. रवींद्र जडेजा बाद झाल्यावर परत आला. अखेरच्या षटकात सहा धावा हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर एक. चेंडू पॅडला लागून गेला आणि केदारने लेगबायची ती एक धाव पूर्ण केली. भारत आशिया चषक विजेता.

अर्थात, या जल्लोषाच्या मागे एक नोंद राहून गेली. सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा तोच त्रास.

जायबंदी फलंदाजाला रनर का मिळाला नाही?

गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पूर्वी जखमी फलंदाजाच्या वतीने दुसरा खेळाडू धावू शकत असे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ऑक्टोबर २०११पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही सवलत बंद केली. तिचा गैरवापर होतो, अशी तक्रार होती.

आता जखमी फलंदाजापुढे एकच मार्ग असतो. ‘रिटायर्ड हर्ट’ म्हणून बाहेर जायचे, आणि गडी बाद झाल्यावर हवे तर परत यायचे. पण परत आल्यावर धावायचे स्वतःच. केदारचे दोन्ही पुनरागमन त्यामुळेच जोखमीचे होते. फाटलेल्या स्नायूवर एक वेगवान धाव घेतली, तरी इजा वाढू शकते.

हॅमस्ट्रिंग म्हणजे नेमके काय?

मांडीच्या मागच्या बाजूला, नितंबाच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जाणाऱ्या तीन स्नायूंच्या गटाला हॅमस्ट्रिंग म्हणतात. हा गट दोन सांध्यांवरून जातो. तो खुबा मागे ढकलतो आणि गुडघा वाकवतो.

वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो. टाच जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी हाच स्नायू पायाला ब्रेक लावतो. म्हणजे त्या क्षणी तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. उतारावर भरलेला ट्रक थांबवताना ब्रेकवर जसा भार येतो, तसेच हे. बहुतेक हॅमस्ट्रिंग याच क्षणी फाटतात.

डॉक्टर या दुखापतीच्या साधारण तीन पायऱ्या मानतात. पहिलीत काही तंतू ताणले जातात. दुसरीत स्नायू अंशतः फाटतो. तिसरीत तो पूर्ण तुटतो किंवा हाडापासून सुटतो. पहिलीला काही आठवडे पुरतात, तिसरीला अनेक महिने लागू शकतात आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

पायात गोळा येणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. गोळा येतो तेव्हा स्नायू आकसतो आणि थोड्या वेळाने सुटतो. फाटलेला स्नायू चोळून, बर्फ लावून, वेदनाशामक स्प्रे मारून जुळत नाही. मैदानावर या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते आणि ती महाग पडते.

एकदा झालेली दुखापत परत का होते?

हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा सर्वांत मोठा धोका कोणाला? ज्याला ती आधी झाली आहे त्याला. क्रीडावैद्यकशास्त्रात ही गोष्ट सर्वमान्य आहे. वय वाढणे हा दुसरा धोका.

कारण समजायला सायकलची ट्यूब आठवा. पंक्चर काढल्यावर ठिगळ मजबूत असते, पण ते मूळ रबराइतके ताणले जात नाही. त्यामुळे हवा भरली की ताण ठिगळाच्या कडेला गोळा होतो. स्नायू भरून येतो तेव्हा फाटलेल्या जागी व्रणाची ऊती तयार होते. तीही मूळ स्नायूइतकी लवचीक नसते. शिवाय दुखऱ्या पायाला जपण्याची सवय लागते, तो स्नायू कमकुवत आणि थोडा आखूड राहतो. सपाट वेगाने धावताना काही जाणवत नाही. पण थांबलेल्या जागेवरून अचानक सुसाट धाव घ्यायची वेळ आली की पुन्हा तीच जागा बोलते.

क्रिकेटमध्ये तर हेच होते. फलंदाज पंधरा-वीस सेकंद उभा असतो, मग एकदम बावीस यार्ड पळतो, थांबतो, वळतो, पुन्हा पळतो. दोन तासांनंतर, घामाने शरीरातले पाणी कमी झाल्यावर, दुबईसारख्या उष्णतेत हे करायचे असते. केदारसारखा मधल्या फळीतला, एकेरी-दुहेरीवर जगणारा फलंदाज या स्नायूवर इतरांपेक्षा जास्त विसंबून असतो.

निवड समितीशी वाद काय होता?

ऑक्टोबर २०१८. वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता. केदारने पुनर्वसन पूर्ण केले, तंदुरुस्तीची चाचणी दिली आणि देवधर करंडकात तो भारत ‘अ’ संघाकडून खेळला. तरीही तिसऱ्या एकदिवसीय सामन्यासाठी जाहीर झालेल्या संघात त्याचे नाव नव्हते. आपल्याला का वगळले याची कल्पना नाही, असे त्याने पत्रकारांना सांगितले.

त्यावर निवड समितीचे तत्कालीन अध्यक्ष एमएसके प्रसाद यांनी खुलासा केला. केदारचा दुखापतींचा इतिहास पाहून हा निर्णय घेतला, तंदुरुस्त होऊन परतल्यावर तो पुन्हा जायबंदी झाल्याचे आधी घडले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. उदाहरण म्हणून त्यांनी आशिया चषकच पुढे केला.

म्हणजे ज्या सामन्यात केदार एका पायावर परत येऊन करंडक घेऊन गेला, तोच सामना त्याच्या विरोधातील पुरावा ठरला. चाहत्यांना ते अन्यायाचे वाटले. पण निवड समितीच्या खुर्चीत बसून पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. सामन्याच्या मध्येच एक खेळाडू कमी होण्याची जोखीम संघाला परवडत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि या प्रकरणाची खरी अडचण तीच आहे. खेळाडू म्हणतो, चाचणी दिली आहे, आता मी तंदुरुस्त आहे. समिती म्हणते, चाचणी आजचे सांगते, आम्हाला पुढच्या महिन्याचे हवे आहे. याला तोड एकच असते, संवाद. तोच त्या वेळी कमी पडला.

त्यानंतर मालिकेतील शेवटच्या दोन सामन्यांसाठी त्याला संघात घेतले गेले.

२०१९च्या विश्वचषकात काय बिनसले?

वर्षाची सुरुवात उत्तम होती. १८ जानेवारीला मेलबर्नमध्ये नाबाद ६१ धावा करून त्याने धोनीसोबत ऑस्ट्रेलियातील मालिका जिंकून दिली. २ मार्चला हैदराबादेत ऑस्ट्रेलियाविरुद्धच नाबाद ८१. पुन्हा सोबतीला धोनी, पुन्हा विजय.

मे महिन्यात आयपीएलच्या साखळी सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा दुखावला. विश्वचषक तोंडावर होता. तो वेळेत तंदुरुस्त ठरला आणि इंग्लंडला गेला. साऊदम्प्टनमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध अवघड खेळपट्टीवर त्याने ५२ धावा केल्या. पण ३० जूनला इंग्लंडविरुद्ध ३३८ धावांचा पाठलाग करताना शेवटच्या षटकांत धोनी आणि केदार यांनी एकेरी धावांवर समाधान मानले, अशी कडाडून टीका झाली. पुढच्या सामन्यापासून तो संघाबाहेर गेला. न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना त्याने बाहेरून पाहिला.

८ फेब्रुवारी २०२० रोजी ऑकलंडमध्ये तो भारताकडून शेवटचा खेळला. मार्चमध्ये करोनाने क्रिकेटच थांबवले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा केदार पस्तिशीत होता. त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये संथ फलंदाजीवरून त्याची समाजमाध्यमांवर यथेच्छ खिल्ली उडवली गेली. लंगडत सामना जिंकून दिल्याला तेव्हा अडीचच वर्षे झाली होती.

मग कारकीर्द दुखापतीनेच संपली का?

थेट उत्तर, नाही. त्याला भारतीय संघातून वगळले गेले ते फॉर्म आणि वय पाहून. २०२०मध्ये तो जायबंदी नव्हता. सगळे खापर एका स्नायूवर फोडणे म्हणजे त्याच्यापाठोपाठ आलेल्या खेळाडूंवर आणि निवडकर्त्यांवर अन्याय होईल.

पण दुखापत दोन बाजूंनी नुकसान करते. पहिले नुकसान मोजता येते. बुडालेली आयपीएल, हुकलेला दौरा, गेलेले महिने. दुसरे मोजता येत नाही. एकदा ‘हा केव्हाही मोडू शकतो’ असा शिक्का बसला की दोन अपयशांनंतर इतरांना मिळणारी तिसरी संधी त्या खेळाडूला मिळत नाही. केदारच्या बाबतीत पहिल्यापेक्षा दुसरे नुकसान मोठे होते. २९व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याकडे दोन्ही सोसण्याइतकी वर्षे हातात नसतात.

स्नायू बरा झाल्यावर काय होऊ शकते, हेही त्यानेच दाखवले. २०२३च्या जानेवारीत, ३७व्या वर्षी, रणजीत आसामविरुद्ध २८३ धावा. त्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात कोणी घेतले नाही म्हणून तो मराठी समालोचन करत होता, तिथूनच बंगळूरूच्या संघाने बदली खेळाडू म्हणून बोलावून घेतले. २०२३-२४च्या हंगामात महाराष्ट्राचे नेतृत्व करताना झारखंडविरुद्ध १८२ धावा. त्यानंतर चार-पाच महिन्यांत निवृत्ती.

झहीर खानचे उदाहरण वेगळे कसे?

नाशिकच्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान याच वाटेने गेला, पण त्याच्या हाती जास्त वर्षे होती. २२व्या वर्षी तो भारतासाठी खेळू लागला. दुखापतींनी त्याला आयुष्यभर छळले. जुलै २०११मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी हॅमस्ट्रिंग धरून तो बाहेर गेला आणि दौऱ्यातूनच गेला. भारत ती मालिका ४-० असा हरला. तरीही ऑक्टोबर २०१५मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर ९२ कसोटींत ३११ बळी होते.

झहीरच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. पण दुखापतीतून परत येण्यासाठी त्याला पंधरा वर्षांचा पट मिळाला. केदारला जेमतेम पाच वर्षांचा.

नाशिकच्या खेळाडूंनी यातून काय घ्यायचे?

राज्यात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिक जिल्हा महाराष्ट्राच्या संघटनेत येतो, म्हणजे केदारच्याच संघात. नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव त्याच्यासोबत खेळला आहे. रणजीचे सामने झालेले गोल्फ क्लबचे मैदान इथल्या मुलांसाठी स्वप्न आणि सराव दोन्हींची जागा आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकचा संघही आहे.

या वाटेवरच्या मुलांचा प्रवास केदारसारखाच असतो. टेनिस चेंडू, मग क्लब, मग जिल्हा, मग निवड चाचण्या. भारतीय संघाच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या खेळाडूसाठी बंगळूरूचे सेंटर ऑफ एक्सलन्स (पूर्वीची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी) आहे, फिजिओ आहेत, तपासण्या आहेत. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर मात्र जपणूक बहुतेक वेळा घरच्यांच्या आणि स्वतःच्या हातात असते. म्हणून काही साध्या गोष्टी.

• मांडीमागे अचानक चमक आली किंवा काही तुटल्यासारखे वाटले, तर तो सामना तिथेच थांबवावा. ‘पळून बघतो’ हा प्रयोग करू नये.

• दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे. दोन्ही पायांची ताकद सारखी झाली आहे का, पूर्ण वेगाने धावताना त्रास होत नाही ना, हे क्रीडा फिजिओकडून तपासून घ्यावे.

• स्नायू ताणलेल्या स्थितीत जोर लावण्याचे व्यायाम हॅमस्ट्रिंगसाठी उपयोगी ठरतात. गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवायला जोडीदार घेऊन, शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम त्यातला प्रसिद्ध. त्याला यंत्र लागत नाही. मात्र सुरुवात जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी.

• सुट्टीनंतर किंवा परीक्षेनंतर थेट पूर्ण वेगाने धावू नये. धावण्याचा भार आठवड्या-आठवड्याने वाढवावा.

• प्रशिक्षकांनी आणि पालकांनी दुखऱ्या पायाने खेळणाऱ्या मुलाचे कौतुक जपून करावे. निवड चाचणी पुढच्या वर्षीही होते.

केदारचा वारसा काय?

शेवटचा मुद्दा अवघड आहे. लंगडत परत येणारा केदार आपल्याला आवडला, कारण तो आपल्यापैकी एक वाटला. फार उंच नाही, फार बलदंड नाही, टेनिस चेंडूच्या मैदानातून आलेला, उशिरा का होईना पोहोचलेला. एप्रिल आणि सप्टेंबर २०१८च्या त्या दोन रात्री मराठी क्रिकेटच्या आठवणीत कायम राहतील, आणि राहाव्यात.

पण त्या रात्री टाळ्या वाजवताना पुढच्या सकाळी काय होते, हे आपण पाहत नाही. एमआरआय, शस्त्रक्रिया, फिजिओच्या टेबलावरचे महिने आणि निवड बैठकीतले ते एक वाक्य. केदारने ती किंमत जाणून मोजली. तो तेहतीस वर्षांचा होता आणि समोर अंतिम सामना होता. गोल्फ क्लबवर सराव करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने ती मोजायची गरज नाही.